मोबाईलची परीक्षा कोणी घ्यावी?



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे झाले ते संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता आणि मजुरांच्या तक्रारी लिहून घेता घेता झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. चालकांनी विषय विचारला आणि आम्ही मोबाईलचे नाव सांगितले, तेव्हा त्यांस थोडे नवल वाटले. कामगार चळवळीतल्या माणसाने मजुरीवर, कामाच्या तासांवर बोलावे. मोबाईलशी त्याचा संबंध काय? तो संबंध काय आहे, तेच आज सांगावयाचे आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद करीत असे. आता ती शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून करावी, अशी योजना झाली. पीक ज्याचे, नोंद त्याची. हे तत्त्व कोणासही पटेल. पण करावयाचे काय, ते पाहा. अ‍ॅप उघडायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरायचे, मग वावरात उभे राहून फोटो काढायचा. शेतकरी वावरात एकटा. हाताला चिखल, वरून पावसाची भुरभुर, आणि मोबाईलला रेंजची एक काडी. आमच्या ओळखीच्या एका काकांनी तिथूनच आम्हांस फोन केला, “बापू, हा मोबाईल म्हन्ते का तू वावरात नाही. मी त पऱ्हाटीतच उभा आहो ना!” आम्ही हसलो, तेही हसले. पण गोष्ट हसण्याची नव्हे. नोंद राहिली तर पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, या साऱ्यांत अडचण उभी राहते.

दुसरे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल हलक्या प्रतीचे आहेत आणि पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये इंग्रजीचा भरणा आहे, अशी त्यांची तक्रार होती. तिसरे उदाहरण रोजगार हमीचे. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांची हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोन वेळा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. फोटो चढला नाही, तर राबलेला दिवस हिशेबातून गळण्याचा धोका.

सांगण्याचा मुद्दा असा की, अ‍ॅप ही आता चैनीची वस्तू राहिली नाही. माग, विळा, पावडे यांसारखेच ते कामाचे हत्यार झाले आहे. आणि हत्यार बोथट असेल तर दोष कोणाचा? आमच्या चळवळीत हा प्रश्न फार जुना आहे. यंत्रात हात सापडला की “कामगार निष्काळजी होता” असे लिहिले जाई. यंत्राला जाळी होती की नाही, हे कोणी पाहत नसे. आज तेच वाक्य नव्या रूपाने ऐकू येते: “लोक अडाणी आहेत, त्यांना अ‍ॅप वापरता येत नाही.” या वाक्यास उत्तर द्यावयाचे तर नुसती घोषणा पुरणार नाही, पुरावा पाहिजे. तो पुरावा गोळा करण्याची एक पद्धत आहे. ती आम्ही कशी शिकलो, हे सांगताना आमचीच चूक आधी कबूल करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने मोबाईलवर तक्रार नोंदविण्याचे एक पान तयार करून घेतले. मजुरी थकली, कमी मिळाली, तर बाईने गाडीभाडे खर्चून कचेरीत येऊ नये. घरूनच तक्रार पाठवावी, असा हेतू. पान तयार झाल्यावर आम्ही सात-आठ सभासदांस कचेरीत बोलाविले, शेजारी बसलो, आणि सर्वांनी तक्रार बिनचूक पाठविली. आमची छाती फुगली. पुढे दोन महिने एका गावाहून एकही तक्रार आली नाही. कार्यकारिणीत आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले की, त्या गावी आता मजुरीचा प्रश्न उरला नाही. मग एके दिवशी तिथली एक बाई रस्त्यात भेटली. तिची तीन आठवड्यांची मजुरी अडली होती. आम्ही विचारले, कळविले का नाही? ती म्हणाली, “भाऊ, मी त तवाच पाठोलं होतं. तुमचाच काही निरोप आला नाही.”

तिचा मोबाईल आम्ही हातात घेतला. तक्रार दुसऱ्या पानावर अडकून पडली होती. खाली ‘सबमिट’ असे बटन होते, पण तिच्या लहान पडद्यावर ते दिसतच नव्हते. वर ‘सेव्ह’ दिसले, ते तिने दाबले, गोल चक्र फिरले, आणि तिला वाटले काम झाले. दोन महिने ती आमच्या उत्तराची वाट पाहत होती, आणि आम्ही तिच्या नावाने समाधान मानीत होतो. मालकाने तक्रार दाबली तर आम्ही मोर्चा काढतो. येथे तक्रार आमच्याच पानाने दाबली होती. मोर्चा कोणावर काढावा?

मग कचेरीत सर्वांना जमले कसे? विचार केल्यावर उमगले. आम्ही शेजारी बसलो होतो. कोणी अडखळले की आमचे बोट नकळत पुढे होई, चेहऱ्यावर होकार उमटे, तोंडून “हं, खाली पाहा” निघे. परीक्षा त्यांची चालली होती आणि उत्तरे आम्ही पुरवीत होतो. शिवाय मोबाईलही कचेरीतला होता, मोठ्या पडद्याचा.

या अनुभवानंतर एका जाणत्या तरुणाने आम्हांस सांगितले की, यावर शास्त्र आहे. परीक्षा घेणारा दूर राहतो, वापरणारा आपल्या घरी, आपल्या मोबाईलवर, एकट्याने काम करतो. पडद्यावर काय घडले ते मोबाईल टिपतो, आणि आपण ते मागाहून पाहतो. निरीक्षकाविना, दुरून घेतलेली वापराची परीक्षा असे तिला म्हणू. बरोबर बसून घेतलेल्या परीक्षेपेक्षा ती स्वस्त पडते, थोड्या दिवसांत होते, आणि मुख्य म्हणजे माणूस जसा खरोखर वागतो तसा दिसतो.

ती घ्यावी कशी, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न एकच ठरवावा. “पान चांगले आहे का?” हा प्रश्न नव्हे. “थकलेल्या मजुरीची तक्रार शेवटपर्यंत पोहोचते का?” हा प्रश्न.

दुसरी, माणसे योग्य निवडावी. कचेरीतल्या कारकुनाचा हुशार मुलगा उपयोगाचा नाही. जिला ते पान वापरावयाचे आहे तीच बाई पाहिजे, तिचाच मोबाईल पाहिजे, तिच्याच गावची रेंज पाहिजे.

तिसरी, काम प्रसंगाच्या रूपाने द्यावे, आणि त्यात बटनावरचा शब्द येऊ देऊ नये. “सबमिट दाबा” म्हटले की उत्तर सांगून टाकले. “समजा, निंदणाची आठ दिवसांची मजुरी मिळाली नाही; हे संघटनेला कळवा”, असे म्हणावे. येथे मायबोलीचा शब्द वापरावा. जवळ कोणी नसल्यामुळे सूचना समजली नाही तर विचारायची सोय नाही. म्हणून सूचना आधी एका माणसावर चालवून पाहावी, आणि मगच इतरांस पाठवावी.

चौथी, मनातले बोलत बोलत काम करावयास सांगावे. “आता हे काय आलं? हे दाबू का ते दाबू?” हे शब्द सोन्यासारखे असतात.

पाचवी, काम झाल्यावर दोन-तीन साधे प्रश्न: काम पुरे झाले असे वाटते का? कोठे अडले? आपली कामगार बाई “झालं” म्हणाली आणि पडदा “नाही” म्हणतो, तेथेच खरा धोका आहे. जो अडला आणि अडल्याचे जाणतो, तो दुसरी वाट शोधतो. पण जो अडला असून काम झाले समजतो, तो वाट पाहत बसतो.

सहावी, मोजमाप. जागतिक मानक संस्थेने १९९८ साली वापरसुलभतेची व्याख्या केली, ती तीन कसोट्यांची आहे: काम पुरे होते का, किती कष्टात होते, आणि करणाऱ्यास समाधान वाटते का. आमच्या मते यात कामगार चळवळीचा निम्मा जाहीरनामा आला.

माणसे किती घ्यावी? जेकब नील्सेन या अभ्यासकाने टॉमस लांडावर यांच्याबरोबर १९९३ साली जो हिशेब मांडला, त्यावरून असे म्हणतात की, एकाच प्रकारची पाच माणसे घेतली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. म्हणून पाचांवर परीक्षा घ्यावी, दुरुस्ती करावी, पुन्हा पाचांवर घ्यावी. मात्र ‘एकाच प्रकारची’ हे शब्द विसरू नका. शेतकरी, बांधकाम मजूर आणि अंगणवाडी सेविका हे तीन प्रकार झाले. आणि “इतके टक्के लोक अडतात” असे सरकारास सांगावयाचे असेल, तर पाच माणसे मुळीच पुरत नाहीत. संख्या पुष्कळ मोठी पाहिजे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माणूस मध्येच थबकला तर “का?” असे विचारता येत नाही. रेंज गेली की पानाचा दोष आणि कंपनीचा दोष यांची गल्लत होते. घरचा नातू येऊन काम उरकून देतो, आणि आपण आजीला शंभर गुण देतो. म्हणून दुरून दहा परीक्षा घेतल्या, तर दोन-तीन तरी शेजारी बसून घ्याव्या. पण हात पाठीमागे बांधून, तोंड मिटून.

आता एक आक्षेप. “पडदा टिपायचा, वेळ मोजायची, ही तर पाळत झाली. आणि हे कामगार संघटनेचा माणूस सांगतो?” आक्षेप योग्य आहे. टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनियराने हातात घड्याळ घेऊन कामगाराची हालचाल मोजण्याचे शास्त्र काढले. १९११ साली त्याचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रशाळेत घड्याळ लावल्याबद्दल कामगार संपावर गेले. पुढे अमेरिकेच्या संसदेने सरकारी शस्त्रशाळांत त्या घड्याळास बंदी घातली. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एका माणसाकडे जास्त माग देण्याच्या योजनांविरुद्ध जो प्रचंड संप झाला, त्याची आठवण आमच्या चळवळीत अजून आहे. मोजमापाचा धाक आम्ही ओळखतो. म्हणूनच आमची अट अशी की, या परीक्षेत गुण मिळावयाचे ते यंत्रास. माणसाची संमती आधी घ्यावी. खरा आधार क्रमांक, बँकेचे खाते, ओटीपी यांतले काहीही टिपू नये. खोटे नाव, खोटा आकडा देऊन काम करून घ्यावे. टिपलेले काम झाल्यावर पुसून टाकावे. आणि अर्धा तास घेतला तर अर्ध्या तासाचा मोबदला द्यावा. परीक्षेला बसणे हेही काम आहे. ते वेठीने करून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या स्वभावाची. पाहुण्याने केलेल्या भाजीला आपण आळणी म्हणत नाही. “कसं वाटलं?” विचारले की “बेस आहे” म्हणतो. अपाला लाहिरी चव्हाण या अभ्यासिकेला भारतात काम करताना हाच संकोच आढळला. त्यांनी मोठी गमतीची युक्ती काढली. तिकीट काढून दाखवा, असे न म्हणता त्यांनी हिंदी सिनेमासारखा प्रसंग रचला: भाचीचे लग्न ठरले आहे, नवरा मुलगा गुंड निघाला आहे, आणि ताबडतोब तिकीट काढून तुम्हांस तेथे पोहोचावयाचे आहे! माणूस प्रसंगात रंगला की संकोच गळतो आणि तिकिटाच्या पानावरचा राग मोकळेपणी बाहेर पडतो. माणूस एकटा असला म्हणजेही हा संकोच थोडा कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

मग आमच्या पानाचे काय झाले? आम्ही पाच बायांना ते घरी पाठविले. तिघींची तक्रार पोहोचली नाही. त्यांतल्या दोघी म्हणाल्या, “झालं”. आम्ही ‘सेव्ह’ काढून टाकले, एका पानावर एकच प्रश्न ठेवला, शेवटच्या बटनावर ‘तक्रार पाठवा’ असे लिहिले, आणि पाठविल्यावर ‘तुमची तक्रार मिळाली’ असे मोठ्या अक्षरांत येऊ दिले. दुसऱ्या पाच बायांपैकी चौघींची पोहोचली. पाचवीची का अडली, ते आम्ही अजून शोधीत आहो. त्या पहिल्या बाईची मजुरी पुढे मिळाली, पण ती आमच्या पानाने नव्हे. ती रस्त्यात भेटली म्हणून. जी रस्त्यात भेटली नाही, तिचे काय झाले असेल, हा विचार आमची पाठ सोडीत नाही.

बंधुभगिनींनो, या गावातून नागपूर-अमरावतीचा मोठा रस्ता जातो. रस्ता बांधला की त्यावरून भरलेली गाडी जाते की नाही हे पाहिल्याखेरीज तो पुरा झाला असे आपण मानीत नाही. मग ज्या अ‍ॅपवरून आपली मजुरी, आपले पीक आणि आपल्या लेकरांचा आहार जावयाचा, ते आपल्याच माणसांकडून पारखून घेतल्याशिवाय सक्तीचे का व्हावे? आमची मागणी एवढीच: सक्ती करण्यापूर्वी परीक्षा घ्या, ती वावरात आणि वाडीवस्तीवर घ्या, आणि निकाल मराठीत जाहीर करा. शासन करील तेव्हा करील. आपली सोसायटी, आपली पतपेढी, आपले वाचनालय यांनी आजच आपापले पान पाच माणसांच्या हाती द्यावे आणि स्वतः दूर बसावे. दूर बसणे कठीण असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण जवळ कोणी नसताना काय घडते, ते आपल्यास पाहिलेच पाहिजे. कारण आपली माणसे बहुतेक वेळा एकटीच असतात.