धूर आपल्या छातीत, तेलाचे बिलही आपल्याच नावाने
(जिल्हा बैठकीतील भाषण)



दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या घेऊन आपण जिनिंगच्या आवारात रात्र काढतो. लाइन गेली की मागच्या शेडमधला जनरेटर धडधडायला लागतो. थंडीत हवा हलत नाही, धूर वर जात नाही, गाड्यांवरच बसतो. फडक्यातली भाकरी सोडावी तर तिच्यावर काजळी.

धूर काळा का? डिझेल पुरते जळायला भरपूर हवा लागते. जिनिंगमध्ये रुईचे तंतू उडतात, एअर फिल्टर कोंदतो, हवा कमी पडते आणि अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी बाहेर पडते. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भागांवर आणली गेली. चांगले झाले. पण तेल सुधारले म्हणून जुने इंजिन सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत २०१२ सालीच घातला आहे.

आता हिशेब. लिटरभर डिझेलमधून तीन, फार तर साडेतीन युनिट वीज निघते. डिझेल ९० रुपये धरा. नुसत्या तेलाचेच युनिटला पंचवीस ते तीस रुपये झाले. हे पैसे जिनिंगवाला पदरचे घालतो असे कोणाला वाटते काय? रुई आणि सरकीच्या भावातून सगळा खर्च वजा करायचा आणि उरेल तो कापसाचा भाव!

जिनिंगवाल्याशी आमचे वैर नाही. यंत्र थांबले तर गाडी दुसऱ्या दिवसावर जाते, तेही आपल्याच अंगावर. जनरेटर चालू दे, पण नियमाने. नियम सोपा आहे, शाळेतली पोरे सोडवतील. जनरेटरच्या केव्हीएचे वर्गमूळ काढा, ०.२ ने गुणा. तितके मीटर धुराडे इमारतीच्या उंचीपेक्षा वर हवे. ४०० केव्हीएचे वर्गमूळ २०, म्हणजे ४ मीटर, तेरा फूट. आम्ही तालुक्याला पाहिले त्या धुराड्याचे तोंड छपराच्याही खाली, आणि वळवलेले गाड्यांच्या रांगेकडे. साहेबांना विचारले, म्हणाले अर्ज करा. अर्ज केला, पोच मिळाली, धुराडे तसेच.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या जिनिंगच्या जनरेटरवरच्या पाटीवरची केव्हीए लिहून आणावी, धुराडे छपराच्या वर किती फूट आहे ते पाहून यावे. आणि हंगामात लाइन कोणत्या दिवशी किती तास गेली, याची वही सोबत असू द्या.