हळदीचा भाव आणि बाईचे श्रम

(हिंगोली जिल्ह्यातील महिला शिबिरात केलेले भाषण)



वसमतच्या मोंढ्यात किंवा हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीचं बीट होतं तेव्हा तिथे व्यापारी असतात, आडते असतात, मालक असतो. आपण नसतो. नऊ महिन्यांच्या या पिकात बेणं लावणं, खुरपणं, कंद वेचणं, गड्डे आणि हळकुंडं मोडून वेगळी करणं, शिजवलेली हळद पसरणं, हे बहुतेक आपल्याच हातचं. कढईवरचा पुरुष जास्त रोज घेतो. वाकून करायचं काम ‘हलकं’ म्हणायचं आणि बाईला कमी द्यायचे! समान वेतनाचा कायदा झाला 1976 साली.

मार्क्सने 1867 मध्ये मांडलं की, वस्तू तयार करायला समाजात साधारणपणे जितके श्रम लागतात तितकं तिचं मूल्य. बाजारभाव त्याच्या वरखाली हलत राहतो. मग हळद 2020 च्या सुमारास क्विंटलला 5-6 हजार आणि 2024 मध्ये 15 हजारांच्या आसपास कशी? वेचायला तर तेवढेच दिवस लागले. भाव पडला की लोक हळद सोडून सोयाबीन पेरतात, आवक घटते, भाव चढतो. साठा करणारे आणि वायदेबाजारवाले त्यात हात धुऊन घेतात.

पण भाव पडलेल्या वर्षांत शेती तगते कशावर? मजुरी म्हणजे माणूस उद्या पुन्हा कामाला उभा राहावा एवढा खर्च, असंही मार्क्स सांगतो. ती भाकरी, ते पाणी, ते लेकरू सांभाळणं बाई फुकट करते, म्हणून मजुरी एवढी कमी ठेवता येते. भाव पडला की आधी मजूर कमी होतात आणि घरची बाई जास्त राबते.

हळदीला हमीभाव नाही. कापूस-सोयाबीनला आहे. 2018 च्या अर्थसंकल्पात उत्पादनखर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर झाला. त्या खर्चात घरच्यांचे शेतातले श्रम धरतात, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज धरत नाहीत. शेतकरी संघटना त्यावर भांडतात, रास्तच आहे. चुलीपुढचे तास मात्र त्यांच्याही मागणीत नाहीत.

दुपारच्या गटचर्चेत एका एकराचा हिशोब मांडू या: लावणीपासून वाळवणीपर्यंत किती बायका, किती दिवस, रोज काय, आणि त्याच दिवसांत घरचं काम किती तास. ज्यांच्या घरची हळद आहे आणि ज्या मजुरीला जातात, त्यांनी एकाच गटात बसावं. तिथे खटके उडतील, उडू द्या.