अणुभट्टीनंतरचं काम



आम्हा पुण्याच्या शनिवार पेठेतल्या लोकांच्या घरी येणाऱ्या विजेत तारापूरचाही वाटा आहे. पालघर जिल्ह्यातल्या या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. वीज वापरून संपते, पण किरणोत्सारी कचरा मागे उरतो. तो निस्तरण्याची जबाबदारी वीज वापरणाऱ्या प्रत्येकाची आहे, असं मी मानतो.

वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतलं, की अत्यंत जहाल असा आम्लयुक्त द्राव उरतो. टाकीत ठेवला तर गळतीची धास्ती कायमची. म्हणून काचेची पूड घालून तो सुमारे हजार अंश सेल्सिअसला वितळवतात आणि तो रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततात. किरणोत्सारी अणू काचेच्या घडणीतच अडकून बसतात. जवळ जाणं अशक्य, म्हणून जाड भिंतीतल्या शिसेयुक्त काचेच्या खिडकीतून पाहत, यांत्रिक हातांनी हे काम चालतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या कचऱ्यात सल्फेट जास्त होतं. ते नेहमीच्या काचेत मुरेना. त्याचा वेगळा पिवळा थर धरायचा, आणि हा थर पाण्यात विरघळणारा. केंद्राने काचेत बेरियम घातलं, तेव्हा सल्फेट सामावलं.

आता याच कचऱ्यातून सिझियम-१३७ वेगळं काढतात. त्याची तीव्रता निम्मी व्हायला तीस वर्षं लागतात. त्याच्या काचेच्या कांड्या रक्तपेढीच्या यंत्रांत बसवतात. रक्तावर किरणांचा मारा केला की त्यातल्या लिम्फोसाइट पेशी निष्प्रभ होतात; एरवी प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या शरीरावर त्या उलटू शकतात. कांडी काचेचीच का? ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली टाकून दिलेलं उपचारयंत्र भंगारात गेलं. आतली सिझियमची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कुतूहलाने घरोघरी नेली. चार जण दगावले. काच तशी उधळत नाही, पाण्यात सहज विरघळत नाही.

अणुभट्टी मोडीत काढणं कचरा काचेत कोंडण्याहूनही वेळखाऊ. आधी इंधन हलवायचं, मग नळ आणि टाक्या रसायनांनी धुवायच्या, शेवटी पोलाद आणि काँक्रीट दुरून चालणाऱ्या यंत्रांनी कापायचं. ट्रॉम्बेची ‘सायरस’ अणुभट्टी २०१०च्या अखेरीस बंद झाली. वीजकेंद्रांचीही पाळी येणारच. त्यासाठी अणुविजेच्या युनिटमागे दोन पैसे बाजूला काढले जातात. तेवढे पुरतील का, याचा हिशेब वेळोवेळी लोकांसमोर मांडला गेला पाहिजे.

पुण्यात रसायनशास्त्र, धातुशास्त्र, रोबोटिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: नवी भट्टी उभारण्याइतकंच जुनी निर्धोकपणे उतरवणं हे मानाचं काम आहे. तिकडे वळा. देशाला तुमची गरज आहे.