फी भरण्याआधी

गेम इंजिन बनवण्याचं सघन प्रशिक्षण मी नुकतंच पूर्ण केलं. तेव्हापासून एकच प्रश्न येतो : "भाई, फी भरू का?"

आधी इंजिन म्हणजे काय, ते पाहू. इंजिन म्हणजे गेम नव्हे, गेमच्या खाली चालणारी यंत्रणा. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण 16.67 मिलिसेकंद मिळतात. हालचाल, टक्कर, रंग, सगळं तेवढ्यात. डिग्रीला आपण मॅट्रिक्स मार्कांपुरतं केलं. इथे गुणाकाराचा क्रम उलटला की जागेवर गिरकी घ्यायची ती गाडी मैदानाच्या मध्याभोवती फिरू लागते. मग मॅट्रिक्स कळतं! मेमरीचंही तसंच. माहिती विखुरलेली असली की प्रोसेसर ताटकळतो, सलग ठेवली की तेच काम झपाट्याने होतं. हे मला ऑफिसातही रोज कामी येतं.

आता फीचं. गोडो इंजिनचा पूर्ण कोड 2014 पासून खुला आहे, फुकट वाचता येतो. घरच्यांना कर्ज काढायला लावण्याआधी सी प्लस प्लसमध्ये, तयार इंजिन न घेता, साधा पाँग बनवा. (लॅपटॉप एकच असेल तर बहिणीलाही वेळ द्या.) वेग वाढवला की चेंडू फळीतून आरपार जाईल. तो का गेला, हे शोधताना रात्र सरली तरी कंटाळा आला नाही, तर प्रशिक्षणाचा विचार करा.

तिथे खरी किंमत असते आपला कोड वाचून चुका दाखवणाऱ्या माणसाची. प्रमाणपत्र मला मुलाखतीत कुणी विचारलं नाही; कोड मागितला. म्हणून प्रवेश घेताना विचारा, माझा कोड कोण वाचणार, आठवड्यातून किती वेळा? उत्तर टाळलं तर उठून या.