गोळी, गंडा आणि गप्पा

नैराश्याचा रुग्ण दवाखान्यात येतो तो अंग दुखतं, झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, अशी तक्रार घेऊन. ताकदीचं इंजेक्शन घेऊन परत जातो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. मग कुणी गंडा बांधतं, कुणी लग्न लावून द्यायचा सल्ला देतं! दोन आठवडे उलटले तरी मन खिन्नच आहे, कशात रस नाही, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय, तर तो आजार समजावा.

'पर्यायी उपचार' म्हणजे गोळी टाकून दुसरं काहीतरी, अशी आपली समजूत. गोव्यात काय झालं ते ऐका. 'संगत' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच्या जोडीला समुपदेशक. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती.

उपचाराचं तत्त्व असं. मन खचलं की माणूस घरात बसतो. बसला की जगण्यातले लहानसहान आनंद बंद होतात, आणि मन आणखी खचतं. हा फेरा कृतीच्या बाजूने तोडायचा. उभारी येईल तेव्हा बाहेर पडू, असं म्हणत थांबायचं नाही. उद्या सकाळी बाजारात जायचं, परवा बहिणीकडे, हे आज ठरवायचं आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब द्यायचा. अशा सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली हे छापून आलं. म्हणजे चार गप्पा मारल्या की झालं, असं मात्र नव्हे. हे समुपदेशक एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकून चुका काढत. आपल्या कट्ट्यावर हे कोण करतं?

व्यायामाचा आणि योगाचाही उपयोग होतो, औषधाच्या जोडीला. वनस्पती मात्र निर्धोक असतेच असं नाही. 'सेंट जॉन्स वर्ट' नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं.

श्रद्धेशी माझं भांडण नाही, साखळीशी आहे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडात बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. देवाला जरूर जा, पण डॉक्टरांकडेही जा, आणि चालू गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

घरी गेल्यावर एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा : १४४१६. सरकारची 'टेलिमानस' सेवा, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं.