लघवीचं छिद्र थोडं खाली असेल तर

बाळाला अंघोळ घालताना कधी आजीच्या लक्षात येतं, की लघवीचं छिद्र अगदी टोकाला नाही, किंचित खाली आहे, आणि पुढची कातडी फक्त वरच्या बाजूला जमली आहे. याला हायपोस्पेडियास म्हणतात. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात तो आढळतो. गर्भात मूत्रनलिका टोकापर्यंत जुळून यायची राहते, म्हणून असं होतं. आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं, असं कृपा करून कुणी म्हणू नका. ती बिचारी आधीच घाबरलेली असते.

छिद्र टोकाजवळच असेल, धार सरळ पडत असेल आणि ताठ झाल्यावर शिश्नाला बाक येत नसेल, तर बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. पुढे मूल होण्यातही सहसा अडचण येत नाही. बाक असेल किंवा धार वाकडी जात असेल, तर शस्त्रक्रिया सहसा ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. सोबत वृषण खाली उतरलेलं नसेल, तर मात्र तपासणी लांबवू नका.

बाळाला बालशल्यचिकित्सकांना एकदा दाखवाच. आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत सुंता करू नका. दुरुस्तीसाठी तीच कातडी लागू शकते.