तांब्याची तार आणि सातपुड्यातले पाडे

टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट रखडलं की पहिला दोष लाइनमनवर येतो. जॉइंटमध्ये पावसाचं पाणी शिरतं, हे खरंच आहे. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात खरा अडसर अंतराचा आहे, आणि अंतर कुणाला दुरुस्त करता येत नाही. बोलण्यासाठी 3400 हर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात आणि त्या तांब्यावर लांबवर तग धरतात. 2005 साली भारत संचार निगमनं देशात ब्रॉडबँड सुरू केलं ते याच तारेवर चालणाऱ्या एडीएसएल तंत्रावर. त्याचा सुधारित प्रकार 22 लाख हर्ट्झपर्यंत चढतो. कंपनं जितकी जास्त, तितकी लहर तारेत लवकर विरते, आणि ही घट गुणाकारानं होते: एका किलोमीटरनंतर दहावा हिस्सा उरला, तर दोन किलोमीटरनंतर शंभरावा. म्हणून एक्स्चेंजशेजारी सेकंदाला 24 मेगाबिटपर्यंत जाणारा वेग पाच किलोमीटरवर एकदोन मेगाबिटवर येतो. हे किलोमीटर केबलचे, नकाशावरचे नव्हेत. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर हा फरक थोडा. सातपुड्यातल्या अक्राणीत मात्र एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या डोंगरांवर असतात आणि केबल घाटाच्या वळणांनीच जाते.

कुणी म्हणेल, मग संदेशाची ताकद वाढवा. पण एका केबलमध्ये तारांच्या अनेक जोड्या शेजारी शेजारी असतात. प्रत्येक जोडीला वेगळा पीळ दिलेला असला, तरी जास्त कंपनांच्या लहरी थोड्या पाझरतातच. एकीची ताकद वाढवली की शेजारणीचा संदेश बिघडतो. बाहेरूनही उपद्रव होतो: मध्यम लहरींवरचं आकाशवाणीचं प्रसारण 531 ते 1602 किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे एडीएसएलच्याच पट्ट्यात चालतं, आणि खांबांवरून गेलेली लांब तार एरियलसारखी ते झेलते. जोड्यांमधला गोंधळ गणितानं पुसणारं ‘व्हेक्टरिंग’ 2010 मध्ये प्रमाणित झालं. त्याचा खरा लाभ मात्र किलोमीटरभराच्या आतल्या तारांनाच होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता फायबर आलं, तांब्याची चर्चा कशाला? काचेच्या तंतूत दहा किलोमीटरनंतरही निम्म्याच्या आसपास प्रकाश उरतो, शेजारच्या तंतूचा त्रास नाही. पण 2011 मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचं पहिलं उद्दिष्ट ग्रामपंचायत हे होतं. पंचायतीपासून शेवटचा पाडा कित्येकदा डोंगरापलीकडे असतो. तिथवर तांबं ओढलं, तर वरचं सगळं गणित पुन्हा लागू होतं. बिनतारी जोडणी करावी, तर मध्ये डोंगर येतो. म्हणून गाव ‘जोडलं गेलं’ अशी नोंद पंचायत कार्यालयातल्या पेटीवरून करू नये. फायबरचं टोक पाड्यावरच्या शाळेपासून आणि आरोग्य उपकेंद्रापासून किती दूर आहे, तो आकडा गावागणिक मोजून जाहीर व्हायला हवा.